सरवा, अणू आणि आत्मा

धानाची कापणी झाली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांत आपण सरवा वेचतो. पडलेल्या लोंब्या, सांडलेले दाणे. असेच दाणे वेचून जगणारा एक ऋषी होता, अशी जुनी कथा आहे. म्हणून त्याचे नाव कणाद, म्हणजे कण खाणारा. वैशेषिक दर्शन त्याच्याच नावावर आहे.

हे दर्शन सांगते की माती, पाणी, तेज आणि वायू यांचे तुकडे करत गेलो तर शेवटी परमाणू उरतो. तो तुटत नाही. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. कुडाच्या फटीतून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो, तेवढा तो कण. आत्मा मात्र परमाणूंचा नाही. ते वेगळेच द्रव्य आहे, नित्य आहे.

ग्रीसच्या डेमॉक्रिटसने आत्माही बारीक, गोल अणूंचाच मानला. देह गेला की तेही विखुरतात. रोमन कवी लुक्रेशियसने त्यातूनच धीर दिला. दुःख भोगायला मागे कुणी उरतच नाही, मग मरणाला भ्यायचे कशाला?

सतराव्या शतकात हे प्रश्न बायकांच्या शब्दांत आले. इंग्लंडमध्ये मार्गारेट कॅव्हेंडिशने १६५३ साली अणूंवरच्या कविता स्वतःच्या नावाने छापल्या. त्याच काळातल्या आपल्या संत बहिणाबाई (१६२८-१७००). नवऱ्याचा मार सोसला, पण तुकोबांना गुरू मानणे सोडले नाही. आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा त्यांनी अभंगांत सांगितली. संस्कृत ‘वज्रसूची’ही त्यांनी मराठीत आणली. तिचा प्रश्न रोकडा आहे: ब्राह्मण कशावरून ठरतो? देहावरून म्हणावे, तर सगळ्यांचे देह त्याच पंचमहाभूतांचे. जीवावरून म्हणावे, तर तोच जीव किती देहांतून फिरतो.

आत्मा नित्य मानणाऱ्या बहिणाबाई आणि तो विखुरतो म्हणणारा लुक्रेशियस, दोघांच्या वाटा वेगळ्या. पण देह सगळ्यांचे एकाच मातीचे, हे दोघांनाही मान्य. म्हणून आम्हाला वाटते, सरवा वेचायला आलेल्या बाईला धुऱ्यावर वेगळे बसवताना, पाणी वरून ओतताना, आपण क्षणभर थांबावे. तिच्यात कोणता कण वेगळा आहे, हे कणादालाही दाखवता आले नसते.