कुत्र्याची चानकी

पहूर जळगाव-अजिंठा रस्त्यावर आहे. त्यामुळे जगात जे जे नवीन निघतं, ते लेणी बघायला जाता जाता आमच्या गावात घटकाभर टेकतंच. यंदाच्या उन्हाळ्यात 'होममेड डॉग फूड' येऊन टेकलं. आणलं आमच्या पुतणीनं, पुण्याहून, एका लॅब्रेडॉरसकट. तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, ओट्यावर वजनकाटा मांडला आणि तांदूळ, गाजर, उकडलेली कोंबडी असं सगळं सोनाराच्या चेहऱ्यानं तोलू लागली. आमच्या काकूनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "होममेड म्हंजे काय गं?"

"घरी केलेलं, आजी."

"मंग आतापर्यंत काय कुत्र्याचं हाटेलातून येत होतं?"

हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेत दहा मार्कांना घालावा असा आहे. कारण हाटेलातून, म्हणजे दुकानातून, कुत्र्याचं जेवण यायला लागलं त्याला पुरती दोनशे वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी सगळंच 'होममेड' होतं. फक्त नाव नव्हतं.

आपल्याकडचा पुरावा तर फारच जुना. छांदोग्य उपनिषदात कुत्री एकामागोमाग रांगेनं फिरतात, बसतात आणि अन्न मिळावं म्हणून चक्क सामगान करतात. आमच्या आळीतली कुत्री रात्री दोन वाजता हाच पाठ म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. वैश्वदेवात कुत्र्यासाठी घास वेगळा काढायला धर्मशास्त्रानंच सांगून ठेवलं आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. सातारच्या थोरल्या शाहू महाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली. समाधी मिळवणाऱ्या कुत्र्याला जेवणात कोणी शिळं वाढलं असेल, असं वाटत नाही.

मग साहेब आला. जेम्स स्प्रॅट हा मूळचा अमेरिकन. इंग्लंडात बंदरावरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्यानं पाहिली म्हणे, आणि १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं काढली. त्यात गहू, बीट, भाज्या आणि सुकवलेलं मांस. १९२२मध्ये अमेरिकेत घोड्याचं मांस डब्यात भरून विकू लागले. पुढे महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली तेव्हा डबे बंद पडले आणि कोरडं खाणं पुढे आलं. मधल्या काळात कंपन्यांनी ताटातलं उरलेलं कुत्र्याला वाईट, हेही लोकांच्या गळी उतरवलं. मग २००७ साली अमेरिकेत डबाबंद खाण्यात मेलामाइन नावाचं रसायन निघालं, कुत्री-मांजरं दगावली, आणि घाबरलेले मालक पुन्हा आपापल्या चुलीकडे वळले. वळल्यावर त्याचं नाव 'होममेड' झालं.

पुतणीच्या वजनकाट्याला मी हसलो नाही, कारण तिची बाजूही पक्की आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली घरगुती श्वानभोजनाच्या दोनशे पाककृती तपासल्या, तर शंभरातल्या पंचाण्णवांत काही ना काही कमी निघालं. शिवाय कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला बाधतात. म्हणजे आमची शेवभाजी आणि कांद्याची पात घातलेलं भरीत कुत्र्यापुढे ठेवू नये. खानदेशात कुत्रं होऊन भरिताला मुकायचं, हा जन्म कठीणच.

पण भाकरीचं काय? तीही २०१३मध्येच पास झाली. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसानं शेती केली, धान्य खाल्लं, आणि जो लांडगा ते पचवू शकला तो दारात राहिला. थोडक्यात, कुत्रा आपल्या भाकरीवर कुत्रा झाला आहे.

आमची आजी हे न शिकताच जाणून होती. दादरच्या भाकरी झाल्या, की परातीला लागलेलं पीठ खरवडून ती शेवटी एक चानकी थापायची. ती मोत्याची. पोरांनी मागितली तरी मिळायची नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, तांबडा. अमेरिकेत तो गुराढोरांना घालतात हे आम्हाला मागाहून कळलं. आम्ही तो मुकाट गिळत होतो. भाकऱ्या मोजून व्हायच्या. एकदा आजोबा म्हणाले, "आता चानकी बंद कर." आजी तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "त्याचं नाव रेशनकार्डावर नाही, म्हणून त्यानं उपाशी ऱ्हायचं?" त्या दिवसापासून तिची स्वतःची भाकरी लहान झाली. हे आईनं पाहिलं होतं. आजोबांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मिलोचं पीठ फार फुगतं.

आता पहूरला घराघरात पोळ्या मोजूनच होतात, आणि उरलं तर फ्रिज आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यासाठी शहरांत प्रभागवार जागा नेमून द्यायला सांगितलं. ठीकच आहे, पण वाटा काढायची जागा मुळात परातीत होती, आणि ती नेमायला न्यायालय लागत नव्हतं. पुतणीनं काटा ठेवून खुशाल मोजावं. मोजता मोजता फाटकाबाहेरच्या काळ्यासाठी, बिनकांद्याची, एक चानकी जास्त धरावी.