वेडी बाभूळ, पेडगाव आणि शाळेची सुट्टी

वेड पांघरून पेडगावला जाणारे सगळ्यांना माहीत आहेत. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं. मी म्हणतोय ते परभणीजवळचं, मनमाडच्या रेल्वेमार्गावरचं. आमच्या मराठवाड्यात वेड पांघरावं लागत नाही, नदीनाल्यांच्या काठाने आपोआप उगवतं. वेडी बाभूळ! अमेरिका खंडातलं हे झाड 1877 च्या सुमारास भारतात आलं. तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. शेंगा गुरं खातात, शेणातून बी गावभर. देशी बाभूळ, करंज, उंबर यांना काठावर जागाच उरत नाही.

हे निस्तरायला शाळांची मदत घ्यावी, ही कल्पना काही नवी नाही बरं का. 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होतं. 1982 पासून सामाजिक वनीकरण आलं, सुबाभूळ-निलगिरीची रोपं घेऊन, म्हणजे पुन्हा परदेशी पाहुणे. 2001 मध्ये शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेना निघाली. मग आकड्यांचा जमाना: 2016 ला 2 कोटी झाडांचं लक्ष्य, 2019 ला 33 कोटींचं. 2022 मध्ये सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' सुरू झालं, 75 नद्या घेऊन. इथे निदान रोपाआधी नदीचं नाव आलं.

पण या सगळ्यात एक साधी गोची आहे. रोप लावतात जुलैत, फोटोसकट. त्याला खरी तहान लागते एप्रिल-मेमध्ये, परभणीचं ऊन चाळिशीपार गेल्यावर. आणि तेव्हा शाळेला सुट्टी! आमच्या धंद्यात रिलीजनंतर मेंटेनन्सचा माणूस नसेल तर प्रोजेक्टचं जे होतं, तेच त्या रोपाचं होतं.

मला वाटतं, पोरांना खड्डे खणायला लावण्याआधी ओळखायला शिकवावं. वेडी बाभूळ कुठली, देशी कुठली? दोन्हींना काटे, दोन्हींना शेंगा, पण फुलं बघा: देशीची पिवळी गोंडेदार, वेडीची लांबट तुरा. वेडीची कोवळी रोपं पावसाळ्यात मुळासकट उपटता येतात. मोठी झाली की कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. उंबराचं बी पाखरंच पेरतात, उगवलेलं फक्त शेळीपासून राखायचं.

जांभळाचं मात्र घाईचं काम. बी वाळली की रुजत नाही, ताजीच पेरावी लागते. आणि जांभळं पिकतात जूनमध्ये, शाळा उघडता उघडता. पोरं जिभा जांभळ्या करून येतातच, बिया तेवढ्या वाटेत थुंकायच्या नाहीत, खिशात आणायच्या.