हिऱ्यांचें शेत : एका व्याख्यानाची कथा



व्यापाराविषयीं बोलावयाचें म्हणजे दर, आंकडे आणि नफातोटा यांची जंत्री वाचावयाची, असा पुष्कळांचा समज असतो. असें भाषण सुरू झालें कीं मागल्या बाकांवरील मंडळी पेंगूं लागतात. तोच विषय गोष्टीच्या रूपानें पुढें आला तर माणसें कान टवकारून ऐकतात. याचें इतिहासांतील एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील रसेल कॉनवेल याचें व्याख्यान. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ आपल्या भाषेंत ‘हिऱ्यांचें शेत’ असा करतां येईल.

कॉनवेल १८४३ सालीं मॅसाच्युसेट्स येथें जन्मला. अमेरिकेच्या यादवी युद्धांत तो सैन्यांत होता. पुढें त्यानें वकिली केली आणि १८८२ सालीं तो फिलाडेल्फियांत बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १८८४ सालीं दिवसा राबणाऱ्या तरुणांसाठीं त्यानें रात्रीचे वर्ग काढले; त्यांतूनच टेंपल विद्यापीठ उभें राहिलें. १९२५ सालीं तो वारला. तोंपर्यंत हें एकच व्याख्यान त्यानें ६,००० हून अधिक वेळां दिलें होतें, आणि त्याच्या मिळकतीवर कित्येक गरीब विद्यार्थी शिकले.

व्याख्यानाचा प्रारंभ एका कथेनें होतो. तैग्रिस नदीच्या प्रवासांत एका अरब वाटाड्यानें ती आपणांस सांगितली, असें कॉनवेल म्हणे. अली हाफेद नांवाचा सुखवस्तु शेतकरी हिऱ्यांच्या लोभानें शेत विकतो, देशोदेशीं भटकतो आणि अखेर निराश होऊन समुद्रांत देह टाकतो. इकडे त्याच शेतांतील ओढ्यांत नव्या धन्यास चमकणारा दगड सांपडतो, आणि तेथेंच गोवळकोंड्याची खाण निघते!

आपला कीर्तनकार पूर्वरंगांत सिद्धांत मांडतो व उत्तररंगांत आख्यानानें तो ठसवितो. कॉनवेलचा क्रम उलट होता. तो आधीं आख्यान रंगवी आणि मग सिद्धांताकडे वळे. आपणांस उपदेश होणार आहे हें श्रोत्याच्या ध्यानांत येण्यापूर्वींच त्याचें मन कथेंत गुंतलेलें असे.

परंतु दूरदेशीच्या कथेवर तो थांबत नसे. त्याच्या वडिलांचें एक दुकान होतें. लहानपणीं तो तेथें बसला असतां एका गिऱ्हाइकानें चाकू मागितला. चाकू ठेवीत नाहीं, असें सांगून मुलानें त्यास वाटेस लावलें. दुसरा आला, तिसरा आला. मागणी तीच, उत्तरही तेंच. तिघे शेजारी एकच वस्तु मागतात आणि दुकानदारास त्याचें कांहींच वाटत नाहीं, मग धंदा चालावा कसा, असा प्रश्न कॉनवेल श्रोत्यांस करी. हिंगम गांवच्या एका बेकार माणसाची गोष्टही तो सांगे. हा गृहस्थ लाकडाचीं खेळणीं कोरूं लागला. कोणतीं खेळणीं आवडतील हें त्यानें घरच्याच मुलांस विचारलें, आणि त्यांतून त्याचा धंदा वाढला. गिऱ्हाइकाची गरज ओळखा, हें वाक्य कोणीही विसरेल. चाकू मागणारे तिघे मात्र स्मरणांत राहतात.

या यशामागें परिश्रमही होते. नव्या गांवीं तो होतां होईल तों लौकर पोहोंचे. पोस्टमास्तर, न्हावी, खाणावळवाला व शाळेचा मुख्याध्यापक यांस भेटे, कारखान्यांत व दुकानांत जाऊन लोकांशीं बोले, आणि त्या गांवची परिस्थिति जाणून घेऊन व्याख्यानास तशी जोड देई. नांव तेंच राही, पण प्रत्येक गांवास तें आपल्याविषयींच आहे असें वाटे.

आतां दुसरी बाजू पाहूं. आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविलेल्या माणसास ती टाळतां येत नाहीं. अली हाफेद सिंधु नदीपासून जवळच राहत होता, असें कॉनवेल सांगतो. गोवळकोंडा तेथून शेंकडों कोस दूर दक्षिणेंत आहे, आणि त्या राज्याची प्रसिद्ध खाण कृष्णेच्या कांठीं कोल्लूर येथें होती. सतराव्या शतकांत तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें ती प्रत्यक्ष पाहून तिचें वर्णन लिहून ठेवलें आहे. कॅलिफोर्नियांतील सोन्याचा शोध सटर याच्या लहान मुलीमुळें लागला, असेंही कॉनवेल सांगे. वस्तुतः १८४८ च्या जानेवारींत जेम्स मार्शल यास सटरच्या लांकूड कापण्याच्या गिरणीजवळ तें सोनें दिसलें.

याहून मोठा दोष तात्पर्यांत आहे. दारिद्र्य हें बहुधा स्वतःच्याच उणिवेचें फळ, असें कॉनवेल सुचवितो. पण ओढ्यांतील हिरा सांपडण्यास आधीं शेत मालकीचें असावें लागतें. ज्याच्या नांवावर वीतभर जमीन नाहीं, त्यानें खणावें तरी कोठें? गोष्ट इतकी गोड आहे कीं हा प्रश्न श्रोत्याच्या मनांत उठतच नाहीं. आणि गोष्टीचा धोका नेमका येथेंच आहे.

म्हणून भागीदारांच्या सभेंत, दुकानाच्या उद्घाटनप्रसंगीं किंवा सहकारी संस्थेच्या बैठकींत बोलणाऱ्यानें कॉनवेलपासून तीन गोष्टी घ्याव्या : श्रोत्यांची आधीं ओळख करून घेणें, एका वेळीं एकच तात्पर्य सांगणें, आणि तें रोजच्या व्यवहारांतील माणसांच्या मुखानें सांगणें. चौथी गोष्ट त्यानें स्वतःची घालावी. दंतकथेस दंतकथा म्हणावें, आणि हिशेबाचा आंकडा गोष्टीच्या पदराआड कधींही लपवूं नये. ज्याचे पैसे गुंतावयाचे आहेत, त्यास रंजनाइतकाच सत्याचाही हक्क आहे.