रेट्रोगेमिंग

रेट्रोगेमिंग म्हणजे जुन्या पिढीतील व्हिडिओ गेम खेळणे, जमवणे, दुरुस्त करणे व जतन करणे हा छंद आणि त्याभोवती निर्माण झालेली संस्कृती होय. यात प्रामुख्याने १९७० आणि १९८० च्या दशकांतील नाणे टाकून खेळायची आर्केड यंत्रे व घरगुती कन्सोल यांचा समावेश होतो. 'जुना' खेळ कोणता, याची ठरावीक सीमारेषा नाही. पिढी बदलते तशी ती पुढे सरकते, त्यामुळे १९९० च्या दशकातील खेळांचीही गणना आता यात केली जाते. गतकाळाची ओढ ही या छंदामागील मुख्य प्रेरणा असली, तरी या खेळांच्या जतनाचा प्रश्न हा आज त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग झाला आहे.

पार्श्वभूमी

व्यावसायिक तत्त्वावर विकले गेलेले पहिले आर्केड व्हिडिओ गेम यंत्र 'कॉम्प्युटर स्पेस' हे १९७१ साली अमेरिकेत आले. १९७२ साली राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारित 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हा पहिला घरगुती कन्सोल बाजारात आला. त्याच वर्षी अटारी कंपनीने ॲलन अल्कॉर्न यांनी तयार केलेला 'पाँग' हा खेळ सादर केला. १९७६ मधील 'फेअरचाइल्ड चॅनल एफ' या कन्सोलने अदलाबदल करता येणारी रॉम कार्ट्रिज आणली. १९७७ साली आलेल्या अटारी २६०० मुळे ही पद्धत लोकप्रिय झाली.

जपानमधील टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला 'स्पेस इनव्हेडर्स' (१९७८), नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचलेला 'पॅक-मॅन' (१९८०) आणि निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचा 'डाँकी काँग' (१९८१) या खेळांचा काळ आर्केडचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जातो. १९८० मध्ये 'स्पेस इनव्हेडर्स' अटारी २६०० साठी उपलब्ध झाला आणि आर्केडमधील खेळ घरी खेळण्याची प्रथा रूढ झाली.

१९८३ साली अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमार दर्जाच्या खेळांचा सुळसुळाट, एकाच वेळी बाजारात असलेले अनेक कन्सोल आणि स्वस्त होत चाललेले घरगुती संगणक ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८५ पासून 'निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावाने अमेरिकेत विकला जाऊ लागला आणि हा उद्योग पुन्हा सावरला.

तांत्रिक मर्यादा आणि खेळांची घडण

या खेळांचे वेगळेपण बऱ्याच अंशी तत्कालीन यंत्रांच्या मर्यादांतून आले आहे. अटारी २६०० मध्ये केवळ १२८ बाइट इतकी कार्यकारी स्मृती होती. 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये सुरुवातीला पडद्यावर ५५ परग्रहवासी असतात. एवढ्या आकृत्या वेगाने हलवणे त्या यंत्राला शक्य नव्हते. त्यामुळे परग्रहवासी नष्ट होत जातील तसा उरलेल्यांचा वेग वाढत असे. या मर्यादेतून निर्माण झालेली वाढती चुरस पुढे खेळरचनेचे एक तत्त्वच बनली.

'पॅक-मॅन'मध्ये टप्प्याचा क्रमांक आठ बिटांत साठवला जातो. परिणामी २५६ व्या टप्प्यावर गणना बिघडते, पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरतो आणि खेळ पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे या खेळात मिळू शकणारे कमाल गुण ३३,३३,३६० इतके मानले जातात.

स्मरणरंजनाचे स्वरूप

गतकाळाच्या ओढीसाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली घराच्या ओढीतून जडणाऱ्या आजारासाठी घडवला होता. आज तो आजाराऐवजी एका भावावस्थेसाठी वापरला जातो. मराठीत यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द प्रचलित आहे.

जुन्या खेळांचे स्मरणरंजन केवळ पडद्यावरील चित्रांपुरते मर्यादित नसते. आर्केडमधील गर्दी, मागे उभे राहून पाहणारे मित्र, मर्यादित नाणी आणि सर्वाधिक गुणांच्या यादीत आपली आद्याक्षरे उमटवण्याची ईर्ष्या हे सारे त्या अनुभवाचे घटक होते. खेळाची संगणकीय प्रत मिळाली तरी हा सामाजिक भाग परत मिळत नाही.

स्मरणरंजनामुळे काही आख्यायिकाही पसरल्या आहेत. 'स्पेस इनव्हेडर्स'मुळे जपानमध्ये नाण्यांचा तुटवडा निर्माण झाला, ही कथा वारंवार सांगितली जाते. मात्र तिला विश्वसनीय आधार नाही. १९८३ च्या पडझडीचे खापर अनेकदा सुमारे पाच आठवड्यांत तयार झालेल्या 'ई.टी.' या एकाच खेळावर फोडले जाते. अटारीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरला होता. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा 'ई.टी.'बरोबरच इतर अनेक खेळांची कार्ट्रिज सापडली. त्यात चांगले खपलेले खेळही होते.

भारतातील आठवणी

भारतात या खेळांचा प्रसार अमेरिका व जपानपेक्षा उशिरा झाला. १९९० च्या दशकात अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेले यंत्र हे बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे. अधिकृत कन्सोल तुलनेने दुर्मीळ होते. कार्ट्रिजला सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई. एकाच कॅसेटमध्ये शेकडो किंवा हजारो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर केलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ किरकोळ फरकाने पुन्हा पुन्हा दिलेले असत. 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि 'काँट्रा' हे खेळ अनेकांना याच मार्गाने परिचित झाले.

मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत व्हिडिओ गेम पार्लर होती. कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ त्यातील एका पात्राच्या नावावरून भारतात 'मुस्तफा' या नावाने ओळखला जाऊ लागला. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याची सवय भारतासह जगभर आढळते. प्रत्यक्षात कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळत असे. श्वासातील ओलाव्यामुळे धातूचे संपर्कबिंदू गंजण्याचा धोका असल्याने निन्टेन्डोने फुंकर न मारण्याचा सल्ला दिला होता.

जतनाचा प्रश्न

पुस्तक कपाटात पडून राहिले तरी वाचता येते. व्हिडिओ गेमला मात्र चालते यंत्र लागते. जुन्या यंत्रांतील कपॅसिटर निकामी होतात, चित्रनलिकांचे उत्पादन जवळपास थांबले आहे आणि स्मृतिचिपमधील माहिती कालांतराने पुसली जाऊ शकते. कॅपकॉमच्या 'सीपीएस-२' या आर्केड प्रणालीत नक्कल रोखण्यासाठी खेळाची सांकेतिक किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की किल्ली नष्ट होऊन खेळ कायमचा बंद पडे. असे अनेक संच हौशी तंत्रज्ञांनी पुढे पुन्हा सुरू केले आहेत.

जुन्या यंत्राचे कार्य आधुनिक संगणकावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या प्रणालीला इम्युलेटर म्हणतात. निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला 'मेम' हा आर्केड यंत्रांसाठीचा प्रकल्प फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रथम प्रकाशित झाला. यंत्रांच्या कार्यपद्धतीची नोंद ठेवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. 'इंटरनेट आर्काइव्ह'ने २०१४ मध्ये शेकडो आर्केड खेळ ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी उपलब्ध केले.

यातील मुख्य अडथळा प्रताधिकाराचा आहे. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीच्या नावे असलेल्या कृतीवरील प्रताधिकार प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. त्यामुळे १९८० मधील अशा खेळावरील हक्क २०७५ अखेरपर्यंत राहतो. दरम्यान अनेक कंपन्या बंद पडतात आणि हक्कदार कोण, हेच अस्पष्ट होते. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ मधील अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. अशा सवलतीचा वापर करमणुकीसाठी होईल आणि त्यामुळे जुन्या खेळांच्या बाजाराचे नुकसान होईल, असा उद्योगाचा युक्तिवाद आहे. ग्रंथालये व इतिहासकार मात्र चित्रपट आणि पुस्तकांप्रमाणेच खेळही अभ्यासासाठी खुले असावेत, असे मानतात.

बाजार आणि मान्यता

स्मरणरंजनाचे व्यापारी मूल्य कंपन्यांनीही ओळखले आहे. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० जुने खेळ समाविष्ट असलेला छोटेखानी कन्सोल विक्रीस आणला. २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत २० लाख डॉलरना विकली गेली. अशा किमतींमुळे सामान्य संग्राहक व संशोधकांना मूळ वस्तू मिळणे कठीण होते, अशी टीकाही होते.

सांस्कृतिक संस्थांनीही या खेळांची दखल घेतली आहे. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस'सह १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात समाविष्ट केले. रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या संग्रहालयाने २०१५ साली 'वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम' सुरू केले. त्यातील पहिल्या सहा खेळांत 'पाँग', 'पॅक-मॅन', 'टेट्रिस' आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' यांचा समावेश होता.

हे सुद्धा पहा

पॅक-मॅन
टेट्रिस
निन्टेन्डो
प्रताधिकार