इंद्रायणीकाठची एक जुनी यादी

मन उदास असेल तर काय करावं, याच्या याद्यांना तोटा नाही. फिरायला जा, गाणी ऐका, मित्राला फोन लावा, कपाट आवरा... दर सोमवारी सकाळी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवतंच. सल्ले तसे चुकीचे नसतात. पण ते देणाऱ्याचं आयुष्यात कधी काही बिघडलं असेल असं वाटत नाही, आणि मग ते वाचून उलट जास्तच वैताग येतो.

आज ज्या यादीबद्दल लिहितोय ती साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे. ती सांगणाऱ्याचं जवळपास सगळंच बिघडलं होतं. आणि माणूस आपल्याच भागातला! तळवड्याच्या आयटी पार्कमधून बाइकवर निघालात तर थोड्याच वेळात त्याच्या गावात पोचाल.

हो, देहू. आणि माणूस म्हणजे तुकाराम बोल्होबा आंबिले, मोरे घराण्यातले.

आपल्या डोक्यातले तुकोबा म्हणजे हातात वीणा, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर शांती. १९३६ च्या प्रभातच्या सिनेमाने ते चित्र कायमचं पक्कं करून टाकलं. पण या चित्राच्या आधीचे तुकोबा जरा आठवून बघा. घर खाऊनपिऊन सुखी. वाण्याचं दुकान, सावकारी, गावची महाजनकी. जन्म साधारण १६०८ चा मानतात. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे कोवळ्या वयातच धंदा अंगावर पडला, सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले, थोरल्या भावाची बायको गेली आणि तो भाऊ, सावजी, घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. आणि मग आला १६३० चा दुष्काळ.

हा दुष्काळ साधा नव्हता. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडलाच नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी त्याच वर्षी सुरतेहून आग्र्याला निघाला होता. रस्त्यात जागोजागी पडलेली प्रेतं आणि ओस गावं यांची वर्णनं त्याने लिहून ठेवली आहेत. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानेही, अब्दुल हमीद लाहोरीने, या काळाचं भयानक चित्र काढलंय. त्यात आदिलशाही-निजामशाहीच्या भांडणात पुणे परगणा उद्ध्वस्त झाला तोही याच सुमारास.

या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. दुकान बुडालं. वय किती? बावीस-तेवीस! म्हणजे आपण ज्या वयात कॅम्पसमधून पहिल्या नोकरीला लागतो आणि पहिल्या पगाराचं काय करायचं याचा विचार करतो, त्या वयात.

आता गंमत अशी की (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो) तुकोबांनी हे सगळं स्वतः सांगितलंय. गाथेत एक आत्मचरित्रपर अभंग आहे. संतमंडळींनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी बोलू नये असं म्हणत, जरा संकोचानेच सुरू झालेला. इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर हे अव्वल साधन. महिपतीबुवांनी तुकोबांचं चरित्र रचलं ते अठराव्या शतकात. त्यांचं ‘भक्तलीलामृत’ १७७४ चं, म्हणजे तुकोबा गेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. त्यामुळे चमत्कार वगैरे बाजूला ठेवून, माणूस स्वतः काय म्हणतो ते आधी बघू. अभंग इथे उतरवत नाही, गाथेत मिळेल. माझ्या शब्दांत क्रम सांगतो.

दुष्काळाने पैसा गेला आणि मानही गेला. बायको अन्न अन्न करत मेली. स्वतःची लाज वाटू लागली. धंद्यात तूट दिसतच होती.

इथे जरा थांबा. तुकोबा फक्त ‘दुःख झालं’ म्हणत नाहीत, ‘लाज वाटली’ असंही म्हणतात. ज्याने कधी नोकरी गमावलीय, किंवा सहा महिने बेंचवर काढलेत, त्याला हा शब्द लगेच कळेल. पैशाची चिंता वेगळी आणि चारचौघांत तोंड दाखवायला नको वाटणं वेगळं. दुसरं जास्त पोखरतं. आमच्या टीममधला एक जण नाव कपातीच्या यादीत आल्यावर नोटीस पिरियडचे दोन महिने रोज ऑफिसला यायचा, पण खाली टपरीवर चहाला येणं त्याने बंद केलं. आम्ही त्याला ‘पॉझिटिव्ह राहा रे’ एवढंच सांगत होतो. त्याला चहा वर नेऊन द्यावा हे कुणाला सुचलं नाही. असो.

तर लाजेनंतर तुकोबांनी काय केलं? इथून यादी सुरू होते.

पहिलं, देवाचं पडकं देऊळ होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. पूर्वज विश्वंभरबाबांच्या काळापासूनचं हे विठ्ठलाचं देऊळ. म्हणजे सुरुवात ध्यानाने नाही, चिंतनाने नाही, तर बांधकामाने! हाताने करायचं, डोळ्यांना दिसेल असं, आणि कधीतरी पूर्ण होईल असं काम.

दुसरं, एकादशीला कीर्तन करायला लागले. आणि पुढे प्रांजळपणे सांगतात की सुरुवातीला अभ्यासात मन नव्हतं. मला हे वाक्य फार आवडतं. मन लागत नव्हतं तरी सुरू केलं. आपण नेमकं उलटं करतो. मूड आला की जिमला जाऊ, मूड आला की लिहू. मूड काही येत नाही आणि जिमचे वर्षाचे पैसे फुकट जातात.

तिसरं, संतांची काही वचनं पाठ केली. चौथं, पुढे जे गात होते त्यांच्या मागे ध्रुपद धरलं. म्हणजे मुख्य गायक नाही, मागे उभं राहून साथ देणारे. आपलं गाणं सुचायच्या आधी दुसऱ्याच्या गाण्यात सूर मिसळला. पाचवं, यात लाज मनात येऊ दिली नाही (बघा, वर आलेली लाज इथे परत आली, पण आता तिला दाराबाहेर उभं केलंय). सहावं, शरीर कष्टवून जमेल तेवढा लोकांवर उपकार केला.

आणि हे सगळं झाल्यावर, पुढे स्वप्नात गुरूंचा उपदेश झाल्यानंतर मग कुठे कवित्वाची स्फूर्ती झाली. ज्या गोष्टीमुळे आज आपण त्यांना ओळखतो ती गोष्ट यादीत जवळजवळ शेवटी आहे.

आता जरा तुलना करू. १९७० च्या दशकात पीटर लुइनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं की उदास माणूस एकेक गोष्ट करायची सोडतो, त्यामुळे त्याला आनंद किंवा समाधान मिळण्याच्या जागाच कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. अनंत चालणारा लूप. तो तोडायचा तर भावना बदलायची वाट न बघता आधी कृती सुरू करायची. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दीडशेच्या आसपास नैराश्यग्रस्त लोकांवर अभ्यास केला. काहींना विचार बदलायला शिकवणारी पूर्ण उपचारपद्धती दिली, तर काहींना त्यातला फक्त ‘छोट्या छोट्या कृती ठरवून करा’ एवढाच भाग दिला. दुसऱ्या गटातले लोक पहिल्या गटाइतकेच सुधारले! आज ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. तुकोबांची यादी तिच्याशेजारी ठेवून बघा. हाताला काम, ठरलेला दिवस, पाठांतर, समूहात गाणं, दुसऱ्याला मदत.

म्हणजे तुकोबांना मानसशास्त्र माहीत होतं, ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’, असं मला म्हणायचं नाही. तसलं लिखाण वाचून मीही कंटाळलोय. तुकोबा बरं वाटावं म्हणून देऊळ बांधत नव्हते, त्यांना विठ्ठल हवा होता. मी एवढंच म्हणतोय की खड्ड्यातून वर येणारी माणसं, कुठल्याही शतकातली असोत, साधारण सारख्याच पायऱ्यांवर पाय ठेवताना दिसतात. त्याच काळात तिकडे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्टन नावाचा पाद्री उदासीनतेवर एक प्रचंड ग्रंथ लिहून बसला होता. पहिली आवृत्ती १६२१ ची. एवढ्या पसाऱ्याच्या शेवटी त्याचा सल्ला काय, तर एकटेपणा आणि रिकामपणा टाळा.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो पण तुकोबा तर एकटेच डोंगरावर जाऊन बसायचे! बरोबर आहे. भामचंद्र, भंडारा आणि घोरवडेश्वर, तिन्ही आपल्याला रोज दिसणारे डोंगर. घोरवडेश्वर जुन्या मुंबई रस्त्यावरून सोमाटण्याच्या अलीकडे दिसतो. भंडारा इंदोरीजवळ. आणि भामचंद्र तर चाकण एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्याच्या अगदी मध्ये, शिंदे-वासुलीच्या बाजूला. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून जो डोंगर दिसतो तोच. (२००८ मध्ये इथेच डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं. ते केंद्र तिथे झालं नाही.)

परंपरा सांगते की सगळं बुडाल्यावर तुकोबा भामचंद्रावर गेले आणि पंधरा दिवस तिथेच राहिले. पण पुढचा भाग आपण विसरतो. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत शोधत वर गेला आणि खाली घेऊन आला. खाली आल्यावर तुकोबांनी काय केलं? सावकारीची खतं काढली. कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत बुडवली. ज्यांनी कर्ज घेतलं होतं ती माणसंही त्याच दुष्काळातून गेलेली होती. स्वतः गाळात असलेल्या माणसाने आधी दुसऱ्यांची कर्जं माफ केली. वर ‘उपकार’ म्हटलंय, त्याला इतकी किंमत होती.

मग भंडाऱ्यावर रोज जाणं सुरू झालं. दिवसा डोंगर, रात्री देवळात कीर्तन. एकांत होता, पण त्याला परतीची वेळ होती. आणि एक माणूस होतं जे त्यांना पूर्ण एकटं पडू देत नव्हतं. त्यांची दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे आवली.

आवलीवर आपण फार अन्याय केलाय. कीर्तनांत, सिनेमांत ती कायम कजाग, तोंडाळ. पण परंपरेतलीच गोष्ट बघा. नवरा जेवायला घरी येत नाही म्हणून ती भर उन्हात भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायची. पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने येऊन काढला, अशी ती गोष्ट. काट्याचं राहू दे, भाकरीचं बघा. घरात पोरं, हाताशी पैसा नाही, नवऱ्याचं लक्ष नाही, तोंडाने विठोबाला शिव्या, आणि तरी भाकरी रोज वर पोचते. उदास माणसाला बहुतेक वेळा सल्ला नको असतो. कान्होबासारखं कुणी शोधत यावं आणि आवलीसारखं कुणी, चिडत का होईना, डबा घेऊन यावं एवढंच पुरतं.

आणखी एक गोष्ट तुकोबा लपवत नाहीत. एकदा सावरलं म्हणजे कायमचं सावरलं असं झालं नाही. त्याच अभंगात पुढे येतं की निषेधाचा आघात झाला, मन दुखावलं, वह्या बुडवल्या आणि ते देवापुढे धरणं धरून बसले. परंपरेनुसार तेरा दिवस. म्हणजे इतकं करूनही पुन्हा तळ गाठला होता. पुढे वह्या तरल्या अशी श्रद्धा आहे. माणसांच्या बाजूने बघितलं तर चाकणच्या संताजी जगनाडे तेल्यांसारखे लोक अभंग लिहून ठेवत होते, आणि गावोगावी लोकांना ते पाठ होते. आजच्या भाषेत म्हणाल तर बॅकअप माणसांमध्ये होता. मागे उभं राहून दुसऱ्याचं ध्रुपद धरणाऱ्याचं ध्रुपद आता इतर धरत होते.

त्याच दुष्काळाच्या काळात, जून १६३१ मध्ये, बुऱ्हाणपूरला आणखी एका माणसाची बायको गेली. शाहजहानची मुमताज. त्याने ताजमहाल बांधला. देहूच्या वाण्याने गावातलं पडकं देऊळ डागडुजी करून उभं केलं. दोघांनीही दुःखात काहीतरी बांधलंच. फक्त आपल्यापैकी कुणाला ताजमहाल बांधता येणार नाही, पडक्या देवळाचं मात्र बघता येईल. ते देऊळ म्हणजे तुमची सहा महिने बंद पडलेली सायकल असेल, सोसायटीतली वाळलेली झाडं असतील, नाहीतर अर्धवट सोडलेला तबल्याचा क्लास.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मूड जाणं वेगळं आणि आजार वेगळा. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामातलं लक्ष परत येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर भंडारा चढून भागत नाही. डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. त्यात लाज कसली? लाजेचं काय करायचं ते तुकोबांनी सांगून ठेवलंच आहे.

बाकीच्यांसाठी यादी वर आहेच. क्रम तेवढा लक्षात ठेवा, मन लागायची वाट बघायची नाही. आणि आजूबाजूचं कुणी चहाला यायचं बंद झालं असेल, तर उद्या एक कप वर नेऊन द्या.