फेलोशिप तुटते तिथे प्रयोगशाळा बंद होते

1913 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये लंडनला येऊन त्यांनी पुढचे संशोधन सुरू केले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये ते अर्धवट टाकून परतले. लंडन पुन्हा गाठायला 1920 साल उजाडले, डी.एस्सी. मिळाली 1923 मध्ये. जयंतीच्या भाषणात आपण यातली जिद्द सांगतो. पण पैसा थांबला तेव्हा बाबासाहेबांचेही संशोधन थांबले, हे सांगत नाही.

बाबासाहेब मात्र ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिले. मागणी नेमकी होती: अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी वर्षाला 2 लाख रुपये आणि त्याच विषयांसाठी परदेशी जायला 1 लाख. वकिली आणि कलाशाखेच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भागणार नाही, आणि विज्ञानाचे शिक्षण आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून तो खर्च सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1944 साली केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

तेव्हा आपले देवणी निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. तिथेही कलाशाखेच्या जोडीला विज्ञान होते.

आता आजचा हिशेब पाहू. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये वर्षाला 2000 जागा आहेत. त्यांतल्या विज्ञानाला 500, बाकीच्या 1500 मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, त्या 1500 जागांतली एकही कमी व्हावी असे मी म्हणणार नाही. पण 1942 ची मागणी ज्या विषयांसाठी होती, त्यांच्या वाट्याला आज चौथा हिस्सा का?

राज्यात बार्टीची फेलोशिप आहे. 2022 च्या तुकडीतल्या 861 संशोधकांना तिच्यासाठी 2023 मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल केला.

या उशिराचा पहिला फटका विज्ञानाला बसतो. सामाजिक शास्त्राचा विद्यार्थी वेळ पडली तर तासिका तत्त्वावर शिकवून रात्री लिहू शकतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला दिवसभर प्रयोगशाळेत उभे राहावे लागते. रसायने संपली की काम ठप्प. नमुने तपासायला बाहेर पाठवायचे तर पैसे आधी लागतात. सालगड्याच्या घरातून उदगीर, नांदेड करत एम.एस्सी.पर्यंत आलेली पोरगी वर्षभर फेलोशिपची वाट पाहू शकत नाही. ती नोकरी धरते, आणि कागदावर नोंद होते की उमेदवाराने संशोधन सोडले.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विज्ञान-अभियांत्रिकीच्या जागा वाढवा. फेलोशिप नोंदणीच्या दिवसापासून आणि दरमहा द्या. साहित्य व तपासणीचा खर्च वेगळा द्या. पात्र ठरलेल्या प्रत्येकाला द्या.

ही खैरात नव्हे. 82 वर्षांहून जुने निवेदन आहे, त्याचे उत्तर अजून पुरते आलेले नाही.

जय भीम!