वऱ्हाडची शिल्लक

फेब्रुवारी महिन्यात, केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिवस्याला होतो. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर नुकतेच निवृत्त झालेले एक गुरुजी वर्तमानपत्र मांडीवर पसरून हिशेब समजावून सांगत होते. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून त्याहून थोडी जास्तच सवलत, वगैरे. शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, बारा लाखाची माफी आमाले काहून सांगता? आमाले इनकमच नाही, त टॅक्स कायचा? पन पैसा त आमीबी देतो. थो जाते कुठी, थे सांगा."

गुरुजी हसले. मीही हसलो. पण परत येताना मोझरीपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वऱ्हाडचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा राजकीय इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे. कर किती, यावर इथे भांडणे झाली, नाही असे नाही. परंतु इथला जुना आणि चिवट वाद आहे तो गोळा झालेल्या पैशाच्या वाटेचा.

सुरुवात १८५३ पासून करावी लागते. हैदराबादच्या निजामाने आपल्या राज्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला होता. त्या थकबाकीपोटी डलहौसीच्या काळात जो तह झाला त्याने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. १८६० च्या दुसऱ्या तहाने रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड मात्र राहिले. कागदोपत्री आम्ही निजामाचेच होतो. मुलकी कारभार इंग्रजांचा. म्हणून सरकारी दप्तरात आमचे नाव 'हैदराबादचे सोपवलेले जिल्हे' असे लांबलचक होते.

तहातले खरे महत्त्वाचे कलम शिल्लकेचे होते. वऱ्हाडच्या वसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा आणि उरेल ते निजामाकडे पाठवायचे. उरेल किती, हे अर्थातच खर्च किती यावर अवलंबून आणि खर्च ठरवणारे इंग्रज अधिकारी. निजामाचे दिवाण सालारजंग वर्षानुवर्षे तक्रार करत राहिले की कारभार अवाच्या सवा महाग ठेवला आहे, म्हणून शिल्लक दिसत नाही. १८७६ मध्ये ते विलायतेला जाऊन आले. वऱ्हाड परत मिळाले नाही.

या भांडणाचा जो पत्रव्यवहार उपलब्ध आहे तो वाचताना एक गोष्ट सतत खटकते. एका बाजूला निजाम, दुसऱ्या बाजूला रेसिडेन्सी. ज्याच्या वसुलावर दोघे भांडत आहेत त्या कुणब्याचा त्यात पत्ता नाही. शिल्लक पडली तरी ती हैदराबादला जायची, नाही पडली तर फौजेत आणि पगारात संपायची. वऱ्हाडात विहीर, रस्ता, शाळा यांवर किती खर्चावे हा प्रश्न तहाच्या दोन्ही पक्षांच्या हिताच्या विरुद्धच होता.

आणि वसूल काही थोडाथोडका नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खामगाव आणि अमरावतीच्या बाजारांना सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. शेजारच्या मध्य प्रांतात मालगुजार मधे असे. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि सारा थेट शेत कसणाऱ्याकडून येऊ लागला. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आबाजींनी जपलेल्या साऱ्याच्या जुन्या पावत्या आहेत. पटवाऱ्याची सही, रक्कम रुपये-आणे-पैत. पैसा घेतल्याची नोंद किती काटेकोर! त्याच्या पुढच्या प्रवासाची नोंद मात्र त्या ट्रंकेत असणे शक्यच नव्हते.

प्राप्तिकराची कथा याला समांतर चालली आहे. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने १८६० मध्ये हा कर आणला. दोनशे ते पाचशे रुपये उत्पन्नावर दोन टक्के, त्यावर चार टक्के. शेतीचे उत्पन्नही त्यात धरले होते. कर बंद झाला, वेगळ्या नावांनी परत आला, पुन्हा गेला. अखेर १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला आणि त्यातून शेतीचे उत्पन्न वगळले गेले. शेतकरी सारा भरतोच, मग त्याच्यावर दुसरा कर कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. पुढे साऱ्याचे ओझे नगण्य झाले तरी सूट टिकून राहिली आणि १९७२ मध्ये प्रा. के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला तेव्हा कोणत्याही पक्षाला तो सोसला नाही. आजही शहरातला पगारदार चिडून म्हणतो की शेतकरी कर भरत नाही. त्याला १८८६ चा हा सौदा ठाऊक नसतो.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे. टिळक तुरुंगात होते. त्याच वर्षी गोखले, वाच्छा वगैरे मंडळी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे लंडनला साक्ष देऊन आली होती. सरहद्दीवरच्या लढायांचा आणि फौजेचा खर्च आमच्या माथी का, हा त्या काळचा काँग्रेसचा कळीचा प्रश्न. वऱ्हाडला तो वेगळा शिकवावा लागला नसेल; पन्नासएक वर्षे आम्ही दुसऱ्याच्या फौजेचा पगार देत होतो. प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजारावर न्यावी, हीही काँग्रेसची मागणी असे.

मग १९०२ साल उजाडते, आणि या साली दोन गोष्टी घडल्या ज्या एकत्र ठेवून कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. मार्चमध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात आपले पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. त्यांचा मुद्दा असा, की दुष्काळाने रयत मोडली असताना सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, याचा अर्थ राज्य भरभराटीत आहे असा नाही, कर गरजेपेक्षा जास्त आहेत असा आहे. आणि नोव्हेंबरात कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले, वार्षिक पंचवीस लाख रुपयांना. शिल्लकेचा प्रश्न असा मुळातूनच निकालात काढला. आता निजामाला शिल्लक मागायचा अधिकार उरला नाही. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळातून वऱ्हाड तेव्हा जेमतेम उठत होते.

गोखल्यांच्या टीकेला फळ आले. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार रुपये झाली. अमरावतीच्या वकिलाला आणि अडत्याला त्याचा फायदा झाला. कुणब्याला मिठात काय सुटले तेवढेच. साऱ्याला कोणी हात लावला नाही. करसुधारणेचा लाभ बोलू शकणाऱ्या वर्गापर्यंत पोचून थांबतो, हे त्या वेळीही असेच होते.

१ ऑक्टोबर १९०३ ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि आमचा हिशेब हैदराबादऐवजी नागपूरशी सुरू झाला. तक्रार तीच: कापसाचा मुलूख आमचा, वसूल आमचा, खर्च मात्र नागपूर-जबलपूरकडे. त्यात एक कायदेशीर गंमत होती. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचे. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडातून निवडून आलेल्या माणसाला प्रांतिक कौन्सिलात बसायचे तर सरकारने त्याची नेमणूक करावी लागे. कर पुरता, प्रतिनिधित्व उसने. याच काळात सिम समितीचे सूत्र पुढे आले. वऱ्हाडातून जेवढ्या प्रमाणात उत्पन्न येते त्या प्रमाणात वऱ्हाडावर खर्च व्हावा, असा त्याचा गाभा.

१९३५ च्या कायद्याने या मागणीला शब्द दिले. प्रांताच्या उत्पन्नाचा वाजवी वाटा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडच्या हितासाठी खर्च होईल हे पाहण्याची खास जबाबदारी ५२ व्या कलमाने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या गव्हर्नरवर टाकली. वाजवी म्हणजे किती, ते कायद्याने सांगितले नाही. कोणापुढे हिशेब मांडायचा, तेही नाही. एका माणसाच्या विवेकावर सगळे सोपवले.

नव्या प्रांतिक सरकारला पैसा हवाच होता. १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडने पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसवला. हा उत्पादन शुल्काचाच प्रकार आहे, तो आमचा अधिकार, असे दिल्लीचे म्हणणे. नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. पुढे देशभर पसरलेल्या विक्रीकराची मुळे आमच्या मोटारींच्या टाकीत सापडतात.

स्वातंत्र्यानंतर जे झाले ते मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. १९४७ चा अकोला करार झाला, त्यानंतर २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, आमचे गोपाळराव खेडकर अशा नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. त्यात विकासखर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे ठरले. जरा थांबून पाहा. मध्य प्रांताशी जोडलेले असताना आम्ही श्रीमंत होतो, तेव्हा मागत होतो उत्पन्नाच्या प्रमाणात. मुंबईशी जोडले जाताना आम्ही गरीब ठरलो, तेव्हा मागितले लोकसंख्येच्या प्रमाणात. शेजारी बदलला तसे माप बदलले. वऱ्हाडी माणूस म्हणून मला हे लिहिताना संकोच होतो, पण मुंबईचा माणूस जेव्हा म्हणतो की कर आम्ही भरतो, तेव्हा तो आमच्याच आजोबांचा युक्तिवाद वापरत असतो.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ (२) कलमात हे आश्वासन आले, मात्र लोकसंख्येचे प्रमाण त्यातून गळाले. समन्यायी वाटप, तेही संपूर्ण राज्याच्या गरजांना अधीन राहून. आणि जबाबदारी राज्यपालांची. १९३५ चे कलम शेजारी ठेवून वाचले तर मसुदा ओळखीचा वाटतो.

तिसरे माप १९८४ मध्ये आले. प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने राज्याची सरासरी धरून कोणता जिल्हा किती मागे, ते रुपयांत मांडले. राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के. 'अनुशेष' हा अवघड शब्द तेव्हापासून आमच्याकडे पानठेल्यावरही बोलला जाऊ लागला. वैधानिक विकास मंडळे यायला १९९४ उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष त्यांच्यानंतरही उरला. शिल्लकेपासून निघालेला हिशेब शेषापर्यंत आला.

या सगळ्या इतिहासात मला एकच कर असा दिसतो ज्याची वाट जन्मतःच लिहिलेली होती. १९७५ चा व्यवसाय कर. नोकरदाराच्या पगारातून कापायचा आणि रोजगार हमी योजनेवर लावायचा. तेवढीच भर सरकारने घालायची. वि. स. पागे यांची ही योजना. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या पगारातून दर महिन्याला काही रुपये कापले जात आणि उन्हाळ्यात गावाजवळच्या पांदण रस्त्यावर हमीच्या कामावर बाया खडी फोडत. तिथून सायकलवर जाताना बाबा म्हणायचे, "या सडकेत माहे दोन दगड हायेत." कर देताना त्यांना आनंद व्हायचा असे मी म्हणणार नाही, पण त्यांची कुरकूर मी कधी ऐकली नाही.

सप्टेंबरअखेरीस पुन्हा तिवस्याला गेलो. टपरीवर तोच शेतकरी भेटला. मधल्या काळात केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले होते. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. वस्त्रोद्योगाला ही करसवलत. वऱ्हाडात तिचे नाव भाव पडणे. फवारणीच्या रासायनिक औषधावरचा अठरा टक्के जीएसटी तसाच आहे. तो औषधाच्या डब्याच्या किमतीत मुरतो आणि तालुक्याच्या कोणत्याच खात्यात तिवस्याचा म्हणून दिसत नाही.

मी त्याला १९३५ चे कलम सांगितले, वाजवी वाट्याचे. त्याने लक्ष देऊन ऐकले. विचारले, "मंग गव्हर्नरनं देल्ला का?"

मी त्याला सिम समितीबद्दल सांगू लागलो, तेवढ्यात अमरावतीची गाडी लागली आणि तो उठला. चहाचे पैसे त्यानेच दिले.